आत्यांची साखर आणि उखळ

डोळ्यांच्या दवाखान्यातून आत्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन न करताच परत पाठवलं, तेव्हा त्यांच्या अंगात हिरवा गाऊन होता, डोळ्यांत थेंब होते आणि बांगड्या माझ्या पर्समध्ये होत्या. ऐनवेळी बोटाला टोचून साखर बघितली, ती फार निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेही दिसायचं बंद होईल. आधी साखर दोनशेच्या आत आणा, मग या."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही उजनीच्या पाण्याकाठी. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडं सोलापुरात आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. नवरा साखर कारखान्यावर नोकरीला, रविवारी घरी येतो. मी शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं शिलाई युनिट चालवते. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच, आणि दोघींनाही गप्प बसायची चांगली सवय आहे.

त्या दिवशी आम्ही रिक्षानं परत निघालो. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "बांगड्या दे."

मी दिल्या. त्या चाचपडत एकेक चढवायला लागल्या. एक बांगडी उलट्या हातात गेली. मी मदतीला हात पुढं केला तर माझा हात बाजूला सारला.

दुखणं तिथंच होतं. उजव्या डोळ्यानं त्यांना नुसता उजेड कळायचा, डाव्यापुढं धुकं होतं. भाकरी हातानं थापायच्या, पण भाजली की करपली ते वासावरून ओळखायच्या. जिन्यात कठडा धरून उतरायच्या. मी दंड धरला की झटकून टाकायच्या. "हात धरून हिंडवायची येळ माझ्यावर आनू नगंस," हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि त्या एखादी गोष्ट दोनदा सांगत नाहीत. ऑपरेशन लांबलं तर ती वेळ येणार होती. ती मलाही नको होती. सेवा करायचा कंटाळा नव्हता, पण या बाईला कुणी हात धरून नेताना बघणं मला जमलं नसतं.

साखरेच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, गोड बंद केलं आणि रोज चालायला सांगितलं. गोळी आत्यांनी घेतली. गोड सोडलं. चालायला मात्र तयार नाहीत.

"कुटं जायाचं?"

"कुठं नाही. नुसतं पार्किंगमध्ये चकरा मारायच्या."

"काम नसताना चालनं म्हंजे हिंडनं. मला न्हाय जमायचं."

मग एका संध्याकाळी त्यांनी आपला सिद्धांत मांडला. मी कटिंगचे खडूचे डाग हातावरून धूत होते आणि त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी कांडत हुते तवा कुटं हुती साखर? तुज्या मिक्सरनं आनली ती."

यात तथ्य होतं. गावाकडं असताना शेंगांची चटणी उखळात कांडायच्या. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि वर मुसळाचे घाव, चटणीला तेल सुटेपर्यंत. ज्यांनी कधी कांडलं नाही त्यांना वाटतं, चटणीच तर आहे. पाच मिनिटं मुसळ चालवून बघा. खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग हलतं, छाती भरून येते. जिमवाले ज्यासाठी पैसे घेतात तेच हे.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते आधी हसले, मग त्यांनी नीट चौकशी केली. डोळ्याचा पडदा तपासलाय का, हा पहिला प्रश्न. पडदा नाजूक असेल तर जोराचं काम चालत नाही. मोतीबिंदूमुळं आतलं दिसत नव्हतं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली होती. पडदा ठीक होता. बीपीचा आकडा आणि हृदयाच्या ईसीजीची पट्टी मी मोबाइलवर पाठवली. मग म्हणाले, "करू द्या. थोडं थोडं वाढवत जा, जेवणानंतर करा, आणि दम रोखून धरायचा नाही." दम रोखायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडच्या बायका प्रत्येक घावाला 'हुं' करून श्वास सोडतात, त्याशिवाय मुसळ पडतच नाही.

आत्यांच्या गावाकडच्या पुतण्याच्या पिकअपमधून केळ्यांच्या घडांबरोबर उखळ आलं. दोन माणसांनी धापा टाकत ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. आत्यांनी त्याच दुपारी पहिला घाव घातला, आणि लगेच खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या. अक्का साठीच्या, घरी पूर्वी चादरीचे माग होते, तेलुगू बोलणारं घर. सगळी बिल्डिंग त्यांना अक्का म्हणते.

"अम्मा, माझ्या छतातून बोअर मारताय काय?"

"चटनी करतीया."

"चटणी वाटीभर, आवाज ट्रकभर! माझ्या भिंतीवरचे देव हालले."

त्याच दोघा माणसांनी उखळ पुन्हा खाली नेलं आणि पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीजवळ ठेवलं. ते काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी अक्का भांडायला म्हणून खाली गेल्या आणि थोड्या वेळानं दुसरं मुसळ हातात घेऊन उभ्या होत्या. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. आत्या 'हुं' करायच्या, अक्का तेलुगूत मोजायच्या, "ओकटी, रेंडू, मूडू." चारला 'नालुगू' आलं की आत्यांना त्या शब्दाचीच गंमत वाटायची, दोघी हसायला लागायच्या आणि मोजणं परत एकपासून. मी युनिटवर निघताना स्कूटर बाहेर काढायचे तेव्हा माझ्याकडं कुणाचं लक्ष नसायचं.

चटणी किती झाली विचारू नका. माझ्या युनिटमधल्या बायकांना दिली, रिक्षावाल्याला दिली, डॉक्टरांच्या कंपाउंडरला दिली. घरात तीन डबे कायम भरलेले.

काही आठवड्यांनी रक्त तपासायचा दिवस ठरला. लॅबचा माणूस सकाळी उपाशीपोटीच रक्त घ्यायला घरी येणार होता. मला त्या दिवशी कापडाचा माल उतरवून घ्यायचा होता, म्हणून मी पहाटे अंधारातच निघून गेले. दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. साखर मागच्यापेक्षा जास्त. मी दोनदा बघितला. मग हातातलं काम टाकून घरी आले.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. दार वाजल्यावरच म्हणाल्या, "वाढली?"

"वाढली."

"आसं कसं हुईल? मी तर त्यो यायच्या आदी समदी जाळली."

"जाळली म्हणजे?"

मग कळलं. कांडल्यानं साखर जळते, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्यांनी साधा हिशोब केला: रक्त काढायच्या आधी जेवढी जाळता येईल तेवढी जाळावी. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडतात तसं. मी गेल्यावर, उजाडायच्या आत, त्या एकट्या कठडा धरून तीन जिने उतरल्या, आणि उपाशीपोटी, पाणीसुद्धा न पिता, हात गळून पडेपर्यंत मुसळ चालवलं. लॅबचा माणूस आला तेव्हा त्या पायरीवर घामानं निथळत बसल्या होत्या. त्यानं विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?" तर म्हणाल्या, "लई बरं. काड रगत."

मी ओरडले नाही. ओरडून साखर उतरत नाही. जेवून घ्या म्हणाले आणि कामावर परत गेले. तिथं माझं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण त्या जेवणार नाहीत हे मला कळायला मार्ग नव्हता. आपल्याच साखरेवर त्या रुसल्या होत्या. जेवल्या नाहीत, गोळी मात्र घेतली, वर एक जास्तीची घेतली, आणि अक्का दुपारी झोपल्या असताना परत खाली जाऊन कांडून आल्या.

दिवेलागणीला मी घरी आले तर आत्यांनी मला शिव्या दिल्या. साध्या नव्हेत. त्यातल्या दोन मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. इतक्या वर्षांत या बाईनं माझ्यावर 'अगं'च्या वर आवाज चढवला नव्हता. त्यांचं कपाळ गार होतं आणि त्यावर घाम होता, बोटं थरथरत होती. मला राग यायच्या आधी शंका आली. टोचायचं मशीन काढलं. आकडा साठच्याही खाली.

पाण्यात साखर ढवळून पेला तोंडाला लावला. आत्या तोंड फिरवायला लागल्या.

"साकर खाऊ नगं म्हनतीस आन् साकरच पाजतीस? डोकं हाय का तुला?"

"आहे. प्या."

"दावा साधतीस माज्यावर."

"हो, साधतेय. प्या."

प्यायल्या. थोड्या वेळानं पुन्हा टोचलं, आकडा वर येत होता. मग भाकरी आणि दूध कुस्करून दिलं. बोटं स्थिर झाल्यावर त्यांनी माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं बघितलं आणि म्हणाल्या, "मी काय वंगाळ बोलले का गं?"

"नाही," मी म्हणाले. "नवीन शब्द शिकले."

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडं गेलो. सकाळी चढलेली साखर संध्याकाळी एवढी उतरली कशी, ते त्यांनी समजावून सांगितलं. जोराचं काम सुरू झालं की शरीराला वाटतं संकट आलं, पळायचं किंवा लढायचं आहे. मग लिव्हर साठवलेली साखर भराभर रक्तात सोडतं. स्नायू ती तेवढ्या वेगानं उचलू शकत नाहीत. नेमकं त्याच वेळी रक्त काढलं तर आकडा वाढलेलाच दिसणार. पण काम थांबल्यावर रिकामे झालेले स्नायू आपली कोठारं भरायला लागतात आणि रक्तातली साखर ओढून घेतात. तेव्हा शरीरातलं इन्सुलिनही जास्त चांगलं लागू पडतं, थोड्या इन्सुलिनमध्येच जास्त काम होतं. हे पुढं बराच वेळ चालतं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यात उपास आणि वर दुप्पट गोळी, म्हणजे खड्डाच.

मला हे लगेच पटलं, कारण जूनमध्ये माझ्या युनिटवर हेच होतं. शाळा उघडायच्या तोंडावर ऑर्डरी आल्या की गोडाऊनमधले सगळे तागे एकदम टेबलावर येऊन पडतात. त्या क्षणी कुणी आत डोकावलं तर म्हणेल, केवढं कापड पडून आहे, इथं काम होत नाही वाटतं. आठवड्यानं येऊन बघा, टेबल रिकामं आणि गोडाऊनही रिकामं.

आत्यांना मी तसंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे मी चुकीच्या वक्ताला दार उघाडलं."

"बरोबर."

डॉक्टर अजून रिपोर्ट बघत होते. लिव्हरच्या तपासणीतही एक आकडा वाढलेला होता. त्यांनी चष्मा काढला आणि जरा जपून विचारलं, "आजी, काही काढा वगैरे... गावठी औषध... किंवा..."

"दारू इचारतुयास व्हय?" आत्या म्हणाल्या. "इचार की मोकळ्या मनानं. न्हाय पीत."

कंपाउंडर पाठ फिरवून हसला. मग डॉक्टरांच्याच लक्षात आलं. सवयीपेक्षा फार जास्त अंगमेहनत केली की स्नायूंतूनही तोच पदार्थ रक्तात उतरतो. तो आकडा नेहमीच लिव्हरचा नसतो. चार-सहा दिवस मुसळाला हात लावू नका, मग परत तपासू म्हणाले. परत तपासलं तेव्हा तो आकडा जागेवर आला होता. आत्या दोन दिवस सगळ्यांना सांगत होत्या की डॉक्टरला त्या दारुड्या वाटल्या. मला वाटतं त्यांना ते थोडं आवडलं होतं.

त्यानंतर मी उखळाची शिस्त लावली. नाश्ता केल्याशिवाय खाली जायचं नाही. थोडं कांडायचं, मग बसायचं, पुन्हा थोडं. अक्का सोबत असल्याशिवाय मुसळ उचलायचं नाही. खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायच्या. आत्यांच्या लुगड्याला खिसा नसतो, म्हणून मी युनिफॉर्मच्या उरलेल्या खाकी कापडाची छोटी पिशवी शिवून कमरेला बांधायला दिली. अक्का म्हणाल्या, "अम्मा, आता शाळेत नाव घाला." आणि तपासणीच्या आदल्या दिवशी आराम. या शेवटच्या नियमाला आत्यांचा विरोध होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी अभ्यास सोडतं का, असं त्यांचं म्हणणं. पण पाळला.

रोजच्या रोज ही मेहनत व्हायची म्हणून साखर आधी हळूहळू आणि मग नीटच उतरली. डॉक्टरांनी एक गोळी कमीसुद्धा केली. एक दिवस खंड पडला तर चालायचं, तीन-चार दिवस पडला की मशीनमध्ये दिसायचं. स्नायूंची ही मेहेरबानी साठवून ठेवता येत नाही, परत परत कमवावी लागते. आत्यांना यात काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "भाकरीबी रोजच थापावी लागती की."

ऑपरेशनच्या दिवशी परत तोच हिरवा गाऊन, तेच थेंब, बांगड्या माझ्या पर्समध्ये. बोटाला टोचलं. मी आकडा बघितला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. नर्स म्हणाली, "घ्या आत." आत्या उठल्या, नर्सनं हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही. तिच्या पावलांच्या आवाजामागं आपल्या आपण चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं विचारली. आत्यांना वाचता थोडंसंच येतं, पण जेवढी येत होती तेवढी सगळी सांगितली. मग डोकं वळवून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी म्हटलं आता काहीतरी मायेचं बोलतील.

"केस पिकलं की गं तुजं. कवा?"

घरी आल्यावर काळा चष्मा नाकावर घेऊन त्या सगळ्या घरातून एकदा फिरल्या. कुठंच हात लावला नाही, कशाचा आधार घेतला नाही. नुसत्या बघत गेल्या. जेवायला बसलो. मी चटणीचा डबा पुढं केला. त्यांनी चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि जेवण थांबवलं.

चटणीत शेंगदाण्याची लाल फोलं होती. पाखडताना त्यांना दिसत नव्हती. लसणाची सालं होती. एक खाकी दोऱ्याचा तुकडाही होता, तो बहुतेक माझ्याकडचा. चटणी एका ठिकाणी तिखटानं गच्च लाल, दुसरीकडं पांढरट.

"हे तुला दिसत हुतं?"

"हो."

"पयल्यापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् खात हुतीस?"

"खात होते."

"लोकास्नी वाटली ती बी हीच?"

"हीच."

"ते काय म्हनलं?"

"छान झाली म्हणाले."

"लबाड समदी," त्या म्हणाल्या. पण आवाज रागाचा नव्हता. हात झटकला, परत तीच चटणी बोटावर घेतली आणि भाकरीशी खाल्ली. पूर्ण भाकरी संपवली. मग म्हणाल्या, "ऊठ. आता चांगली करू."

डॉक्टरांनी महिनाभर वाकायला, वजन उचलायला आणि जोर लावायला मनाई केली होती. तेवढे दिवस चालायचं, बस. याची आठवण करून दिली तर म्हणाल्या, "मी कुटं कांडतीया? तू कांड."

"मी?"

"मग? मागल्या बारीला तुजी बी साखर काठावर निगाली. अक्कानं सांगितलं मला."

अक्कांना मी ते सांगायलाच नको होतं.

तर सध्या असं चाललंय. सकाळी न्याहारी झाली की आत्या काळा चष्मा लावून पार्किंगमध्ये चकरा मारतात. काम नसताना चालणं म्हणजे हिंडणं, हे त्यांचं मत बदललं आहे, किंवा मी काम करते की नाही यावर नजर ठेवणं हे त्यांनी काम धरलं आहे. मी आणि अक्का मुसळं घेऊन समोरासमोर. माझे खांदे पहिल्या आठवड्यात इतके दुखले की कटिंगची कात्री उचलवेना. सूप आत्यांकडं असतं. शेंगदाणे त्या स्वतः पाखडतात, आणि आता एकही फोल सुटत नाही.

काल मी मध्येच थांबले. अक्का "नालुगू" म्हणून हसायच्या बेतात होत्या. आत्या पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी होत्या. तिथून ओरडल्या, "थांबलीस का? तेल सुटलं न्हाय अजून."

"तुम्हाला तिथून काय दिसतंय आत्या?"

"तुज्या कपाळाला घाम न्हाय, ते दिसतंय की!"

मी मुसळ उचललं.